लाल ठिपक्याची नळी

आमच्या प्रयोगशाळेत एक नियम आहे आणि तो मी केलेला आहे. कुणाच्याही हातून आलेली नळी तपासल्याशिवाय वापरायची नाही. देणारा कितीही मोठा असो, त्याच्या नावामागे पदव्यांची आगगाडी असो, आपण थेंबभर घ्यायचा, प्लेटवर टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघायचं. लेबल काय, कुणीही लिहितं. नवीन आलेल्यांना हे सांगताना माझा आवाज चढतो, म्हणून माझ्या पाठीमागे ते मला ‘तपासनीसबाई’ म्हणतात. म्हणू देत.

या नियमाला एकच अपवाद होता. झाकणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका असला की ती नळी न तपासता वापरायची. हा ठिपका फक्त दोघी लावायच्या, मी आणि माझी धाकटी बहीण, आणि तोसुद्धा एकमेकींसाठीच. मार्करची शाई स्पिरिट लागलं की पुसून जाते, कागदी चिठ्ठी थंडीत गळून पडते. नेलपॉलिश वर्षानुवर्षं हलत नाही. एक बाटली माझ्या ड्रॉवरमध्ये, एक तिच्या. ठिपक्याचा अर्थ एवढाच, की मी स्वतः तपासलंय, तू तुझा दिवस फुकट घालवू नकोस. वीस वर्षं आम्ही अशा शेकडो नळ्या एकमेकींना दिल्या आणि एकदाही चूक निघाली नाही.

मी इथे एकोणतीस वर्षं सहायक आहे. आई गेली त्याच वर्षी नोकरीला लागले. मी बावीसची होते आणि छोटी नऊ वर्षांची. शाळा सुटली की ती इथेच यायची, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून गृहपाठ करायची. प्लेटचं झाकण किती उघडायचं, उघडताना श्वास कुठे सोडायचा, हे तिला मी शिकवलं. पुढे ती शिकत गेली, परदेशातून मोठी पदवी घेऊन आली आणि चार वर्षांपूर्वी याच प्रयोगशाळेची प्रमुख झाली. तेव्हापासून लोकांसमोर मी तिला मॅडम म्हणते. जिचं नाक पुसलं तिला मॅडम म्हणायचं, याचं सुरुवातीला हसू यायचं. मग सवय झाली, आणि खरं सांगायचं तर ऊर भरून यायचा.

आमचं काम फाजवर चालतं. फाज म्हणजे जिवाणूंना खाणारे विषाणू. माणसाला ते काही करत नाहीत, पण ज्या जिवाणूशी त्यांचं वैर, त्याचा फडशा पाडतात. आता औषधांना दाद न देणारे जिवाणू इतके माजलेत, की सगळ्या जगाला या फाजची आठवण झाली आहे. जिथे जिवाणू जास्त तिथे फाज जास्त, आणि जिवाणू सगळ्यात जास्त गटारात. त्यामुळे माझं निम्मं आयुष्य दोरीला बाटली बांधून गटारातून पाणी काढण्यात गेलं. ते गाळायचं आणि तपासायचं. तपासायची रीत सोपी आहे. प्लेटमध्ये घट्ट जेलीचा थर असतो. त्यावर जिवाणू पसरले की रात्रीत दुधावरच्या सायीसारखा पडदा धरतो. जिवाणू पसरल्या पसरल्याच त्यावर आपला थेंब सोडायचा. थेंबात फाज असला तर सकाळी तिथे सायीला गोल, स्वच्छ भोक पडलेलं दिसतं. नसला तर साय जशीच्या तशी.

सत्तेचाळीस नंबरचा फाज मला इस्पितळाच्या धोबीघरामागच्या नाल्यात सापडला. त्याआधी छोटीची माणसं चार शहरांचं पाणी तपासून आली होती, आणि हा आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या नाल्यात. काखेत कळसा नि गावाला वळसा. जखमांत हिरवा पू करणारा जो एक चिवट जिवाणू आहे, त्याच्या पडद्याला सत्तेचाळीस अशी भोकं पाडायचा, की बघत राहावं. छोटीनं त्याचा अभ्यास केला, लेख लिहिला. मग एका औषध कंपनीनं तो शुद्ध करून इवल्याशा कुप्यांत भरला आणि दोनशे रोग्यांवर चाचणी सुरू केली. त्या कुप्या छोटीच्या खोलीत कुलपाच्या फ्रीजमध्ये असायच्या. नाल्यातून आणलेली मूळ नळी माझ्या शीतखोलीत, सव्वीस नंबरच्या डब्यात राहिली.

आता मास्तर. माझा नवरा गाडी चालवायला शिकवतो, म्हणून सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं आणि मीही तेच म्हणते. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या बाजूला वेगळा ब्रेक असतो. तीस वर्षं त्यांचा उजवा पाय त्या ब्रेकवर टेकलेला. घरी जेवतानासुद्धा मी तावातावानं बोलायला लागले, की टेबलाखाली त्यांचा उजवा पाय पुढे सरकायचा. “ब्रेक लावला गं,” म्हणायचे. “पण तुझ्या गाडीला ब्रेकच नाहीत.”

छोटीला गाडी त्यांनीच शिकवली. ती पहिल्या महिन्यात एकदा भिंतीवर आणि एकदा शाळेच्या पोरांच्या रांगेवर गाडी घालणार होती. दोन्ही वेळा मास्तरांनी ब्रेक दाबला.

मास्तरांना साखरेचा आजार. नव्या बुटानं उजव्या पायाच्या दोन बोटांमध्ये चावलं आणि ते त्यांना कळलंच नाही. एका संध्याकाळी ते मोजा काढत होते आणि मी स्वयंपाकघरातून बाहेर येता येता थबकले. घरात पिकून उतरलेल्या द्राक्षांचा वास येत होता. घरात द्राक्षं नव्हती. हा वास त्या हिरव्या पूवाल्या जिवाणूचा, मी एकोणतीस वर्षं रोज नाकात घेतला आहे. माझ्या हातातली उलथणी खाली पडली. “अहो, पाय दाखवा,” मी म्हणाले. बोटांमध्ये हिरवट ओल होती.

दुसऱ्या दिवशी त्या जखमेचा बोळा मी कामावर नेला, त्यातला जिवाणू वाढवला आणि त्याच्यावर माझ्या नळीतल्या सत्तेचाळीसचा थेंब टाकला. सकाळी नाणं बसेल एवढं भोक. मी तिथेच स्टुलावर बसले आणि रडले. माझ्याच नाल्यातला फाज माझ्याच घरी उपयोगी पडणार होता. पण माझी नळी माणसाला द्यायच्या लायकीची नव्हती, तिच्यात अर्धा नाला होता. शुद्ध कुप्या छोटीकडे.

इस्पितळातल्या सर्जननी एक्स-रे बघून सांगितलं, की हाडापर्यंत गेलंय, कुठलंही औषध लागू पडत नाहीये, दोन बोटं काढावी लागतील आणि लवकर काढावी लागतील. मास्तर म्हणाले, “जिवावरचं शेपटीवर निभावतं म्हणतात, आपलं बोटांवर निभावेल. पण डॉक्टर, या बोटांनी ब्रेक दाबतो हो मी.” सर्जन म्हणाले, बोटांशिवाय ब्रेक दाबता येतो, पावलाशिवाय येत नाही.

मी छोटीकडे गेले. तिनं कंपनीला विचारलं. कंपनीनं सांगितलं, की साखरेचा आजार आणि हाडाला लागण असलेले रोगी चाचणीत बसत नाहीत, आणि चाचणीबाहेर एक थेंब द्यायचा नाही. बाहेरचा रोगी दगावला तर सगळीच चाचणी बंद पडेल. छोटीनं हे मला सांगितलं तेव्हा मी काही बोलले नाही. तिच्यासमोर बसून राहिले, बहुतेक अर्धा तास.

तिसऱ्या दिवशी ती घरी आली. हातात बर्फाचा थर्मास. त्यात नऊ कुप्या, प्रत्येकीच्या झाकणावर लाल ठिपका.

“रोज एक, जखम धुतल्यावर,” ती म्हणाली. “रजिस्टरमध्ये नाहीत या. ताई, कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही.”

मास्तरांचे डोळे भरून आले. “मेहुणीबाई, तुमची नोकरी जाईल की.”

“भाऊजी, तुम्ही फक्त बरे व्हा,” ती म्हणाली आणि त्यांच्या पायाकडे न बघता निघून गेली. घाईत असेल, असं मला वाटलं.

सर्जनना मी खरं सांगितलं. त्यांनी उठून खोलीचं दार लावलं. मग म्हणाले, “कुणीही विचारलं तर जखम मीठ-पाण्यानं धुता म्हणून सांगा. आठ-नऊ दिवस बघू. ताप आला तर मात्र एक तास थांबणार नाही.” बोटं काढायचं ऑपरेशन आम्ही पुढे ढकललं. मी रोज सकाळी हात घासून कुपी उघडायची आणि थेंबन् थेंब जखमेत सोडायची. मास्तर म्हणायचे, “सत्तेचाळीसराव, जेवा पोटभर.”

या एका फोनसाठी मी हे सगळं लिहिते आहे, म्हणून नीट सांगते. कुप्या सुरू करून तिसरा दिवस होता. मी छोटीला फोन केला आणि म्हणाले, “सर्जन तयार झालेत, आम्ही बोटांचं ऑपरेशन लांबवलंय, आता सगळी भिस्त तुझ्या औषधावर.” ती म्हणाली, “तुला योग्य वाटेल ते कर, ताई.”

आठव्या दिवशी संध्याकाळी मास्तरांना थंडी वाजून आली. नवव्या दिवशी सकाळी लाली घोट्याच्या वर चढली होती. सर्जननी शब्द पाळला, एक तासही थांबले नाहीत. उजवा पाय गुडघ्याखालून गेला.

शुद्धीवर आल्यावर मास्तर म्हणाले, “मेहुणीबाईंना वाईट वाटून घेऊ नका म्हणावं. त्यांनी नोकरी पणाला लावली होती आपल्यासाठी.” त्यांनी मला इस्पितळातूनच तिला फोन लावायला लावला आणि स्वतः तिचे आभार मानले. ती फोनवर रडली. मीही रडले. कधीकधी फाज हरतो, जिवाणू त्याला चकवायला शिकतो, हे मला माहीत होतं. नशीब म्हणून मी ते गिळलं.

महिन्यानं मी कामावर परत गेले. नववी कुपी घरच्या फ्रीजमध्ये लोण्याच्या कप्प्यात तशीच होती. घरात ठेवायची गोष्ट नाही, म्हणून डब्यात घालून परत नेली. त्या दिवशी मी ऑपरेशनच्या वेळी जखमेतून घेतलेल्या मास्तरांच्याच जिवाणूची प्लेट लावत होते. मला बघायचं होतं, की तो सत्तेचाळीसला कसा चकवायला शिकला. प्लेटचे चार भाग केले होते आणि तीन भागांत माझ्या नळीतल्या सत्तेचाळीसचा कमी-जास्त पातळ केलेला थेंब टाकला होता. चौथा भाग रिकामा होता. प्लेटचा कोपरा रिकामा सोडणं मला जमत नाही, इतकी वर्षं मीच त्या ओतते आहे. म्हणून नवव्या कुपीतला एक थेंब तिथे सोडला. तपासायचं म्हणून नाही. झाकणावर ठिपका होता, तपासायचा प्रश्नच नव्हता.

सकाळी तीन भागांत तीन स्वच्छ भोकं होती. चौथ्या भागात साय अखंड.

मी आधी स्वतःला दोष दिला. थेंब टाकायला विसरले असेन. पुन्हा लावली. मग लोण्याच्या कप्प्यात राहून फाज मेला असेल, म्हणून माझ्या नळीतला सत्तेचाळीस घरी नेऊन त्याच कप्प्यात आठवडाभर ठेवला आणि पुन्हा लावली. त्यानं भोक पाडलं. कुपीनं नाही पाडलं. मेलेला फाजसुद्धा मागे काहीतरी ठेवतो, म्हणून शेवटी उरलेला द्रव वरच्या मजल्यावरच्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाच्या माणसाला दिला, काय आहे ते न सांगता. तो संध्याकाळी म्हणाला, “बाई, यात काहीच नाही. कशाला माझा वेळ खाता?”

मी तीन प्लेटा घेतल्या, मॅडमच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

“हे काय?” छोटीनं विचारलं.

“नववी कुपी.”

तिला पुढे सांगावं लागलं नाही. प्लेट वाचायला मीच शिकवलेली. तिनं पहिली बघितली, दुसरी उचललीच नाही.

“ताई, बस ना.”

“मी उभी बरी आहे. काय होतं त्यात?”

“मीठ-पाणी,” ती म्हणाली.

सर्जननी मला जे खोटं सांगायला शिकवलं होतं, ते मी आठ दिवस जखम बघायला येणाऱ्या नर्सला सांगत होते. ते खरंच होतं. मला हसू आलं, आणि त्या हसण्याची मलाच भीती वाटली.

“प्रत्येक कुपीवर कंपनीचा नंबर असतो,” छोटी घाईघाईनं बोलू लागली. “नऊ कमी भरल्या असत्या तर सगळं थांबलं असतं. दोनशे लोक आहेत, ताई. त्यातल्या कित्येकांचे पाय आहेत. भाऊजींना काही झालं असतं आणि रक्तात सत्तेचाळीस सापडला असता...”

“मग नाही म्हणायचं.”

“तुला?” ती म्हणाली. “तू समोर बसून होतीस. एक शब्द बोलत नव्हतीस. मी तुला कधी कशाला नाही म्हटलंय? मला वाटलं, तुम्हाला जरा धीर येईल. बोटं काय, सर्जन काढणारच होते.”

“तू नाही म्हणाली असतीस तर दोन बोटं गेली असती. बाकी काही नाही.”

“मला कुठे माहीत होतं...”

“तिसऱ्या दिवशी फोन केला होता मी. ऑपरेशन लांबवलंय म्हणून सांगितलं होतं. काय म्हणाली होतीस?”

तिनं पहिल्या प्लेटचं झाकण पुन्हा घट्ट लावलं.

“तेव्हा सांगायचंस. तेव्हासुद्धा बोटांवर निभावलं असतं.”

“तेव्हा सांगितलं असतं तर तू माझं तोंड पाहिलं नसतंस.”

“आणि ठिपका?” मी विचारलं. “मीठ-पाणी द्यायचं होतं तर साध्या कुप्या द्यायच्या. ठिपका कशाला लावलास?”

“ठिपका नसता तर तू तपासलं असतंस,” ती म्हणाली. बोलून गेल्यावर तिला कळलं, आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

शत्रूनं मान कापली तर माणूस शत्रूला शिव्या देतो. केसानं गळा कापणारी आपलीच असली तर शिवी कुणाला द्यायची? आपलेच दात नि आपलेच ओठ. औषध दिलं नाही हे मी एक वेळ समजून घेतलं असतं, दोनशे लोकांचं गणित मलाही येतं. पण ती रात्री नेलपॉलिशची बाटली घेऊन बसली असेल, मिठाच्या पाण्याच्या नऊ झाकणांवर नऊ ठिपके लावले असतील, वाळेपर्यंत फुंकर घातली असेल. मी शिकवलं होतं तिला, फुंकर घाल, नाहीतर पसरतो. हे माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मी प्लेटा उचलल्या आणि बाहेर आले.

तक्रार करावी असं मनात आलं नाही असं नाही. पण नऊ कुप्यांची कुठे नोंदच नव्हती, आणि तोंड उघडलं तर आधी त्या भल्या सर्जनची मान अडकणार होती. चोरीचा मामला, हळूहळू बोंबला. नोकरी सोडावी असंही आलं. मग वाटलं, शीतखोली माझी आहे, मी का जाऊ?

मास्तरांपासून मी आठ दिवस लपवलं. ते रोज कुबड्यांवर चालायचा सराव करत होते आणि सांगत होते, की पलीकडच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्यानं हातानं लावायचा ब्रेक बसवून द्यायचं कबूल केलंय. एके दिवशी दुपारी ते म्हणाले, “मेहुणीबाई किती दिवसांत आल्या नाहीत. रविवारी जेवायला बोलाव.” तेव्हा मला राहवलं नाही. सगळं सांगितलं, पहिल्यापासून. माझा आवाज चढत गेला. मध्येच टेबलाखाली त्यांची दुमडलेली विजार हलली. गुडघा पुढे सरकला होता. नसलेल्या पायानं ते ब्रेक दाबत होते.

माझं बोलून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं. “आपण ऑपरेशन लांबवलंय, हे तिला माहीत होतं?”

“हो. मीच सांगितलं होतं.”

इतकी वर्षं संसार केला, पण विनोद सुचला नाही म्हणून गप्प बसलेले मास्तर मी पहिल्यांदा बघितले. मग म्हणाले, “दोनदा वाचवलं होतं गं तिला त्या पायानं.” त्यानंतर त्यांनी तिचं नाव काढलं नाही.

प्रयोगशाळेत मी मॅडम म्हणत राहिले, आता एकटीत असतानासुद्धा. कामाच्या नळ्या येत-जात राहिल्या. तिच्या नळ्यांवर ठिपका असायचा. मी प्रत्येक नळी तिच्या देखत प्लेटवर लावायची. दोन महिन्यांनी तिनं ठिपके लावणं बंद केलं.

मग सहा महिन्यांनी एका सकाळी ती शीतखोलीच्या दारात येऊन उभी राहिली. चेहरा ओढलेला.

“ताई, कंपनीचा सत्तेचाळीस बोथट झालाय,” ती म्हणाली. “कारखान्यात त्यांनी तो पाळीव जिवाणूंवर वाढवला, पिढ्यान्‌पिढ्या. तो त्यांनाच खायला सोकावला. आता जखमेतले जंगली जिवाणू त्याला दाद देत नाहीत. चाचणीतले चाळीस रोगी मध्येच अडकलेत. तुझी नाल्यातली मूळ नळी हवी. आज चार वाजता त्यांची गाडी जातेय. पुन्हा पहिल्यापासून शुद्ध करतील.”

“नाल्यावर जा. दोरी आणि बाटली देते.”

“नाला बुजवला, माहीत आहे तुला. धोबीघरच पाडलं.”

माहीत होतं. मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं, की आता फक्त माझ्याकडेच आहे.

खोटं कशाला बोलू, आदल्या आठवड्यात कंपनीची कुजबुज कानावर आली तेव्हापासून मी या सकाळची वाट बघत होते. काय काय मनात आलं होतं. नळी फुटली म्हणून सांगावं. मीठ-पाण्याची नळी द्यावी आणि वर छानसा ठिपका लावावा, कळू दे तिलाही. पण ते चाळीस लोक रोज संध्याकाळी माझ्यासारखेच कुणाचा तरी मोजा काढून वास घेत असतील. त्यांनी माझं काय घोडं मारलं होतं? मी कालच मूळ नळीतलं थोडं काढून नवी नळी भरली होती, आणि प्लेटही लावली होती. सकाळी भोकं बघितली होती, पहिल्या दिवशीसारखीच गोल.

सव्वीस नंबरचा डबा उघडून मी ती नळी तिच्या हातात ठेवली. “हा सत्तेचाळीस आहे,” मी म्हणाले. “जिवंत आहे. काल तपासलाय.”

“थँक्यू, ताई,” ती म्हणाली. तिनं सवयीनं झाकणावरून अंगठा फिरवला. मग नळी उजेडात धरली आणि झाकण बघितलं. कोरं पांढरं झाकण.

“नेलपॉलिश संपलं का?” तिनं विचारलं. आवाजात हसायचा प्रयत्न होता.

“नाही. अर्धी बाटली आहे.”

तिच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं, तिला मी वाढवलं आहे. चार वाजताची गाडी, अडकलेले चाळीस लोक, आणि समोर मी, जिला सूड घ्यायचं कारण आहे. मी खरं सांगितलं होतं. त्याच्यापुढे माझं काम नव्हतं. तिला फक्त माझ्या शब्दावर ती नळी गाडीत ठेवायची होती. मला मनापासून वाटत होतं, की तिनं ठेवावी. हे मी मास्तरांनाही सांगितलेलं नाही.

तिनं घड्याळाकडे बघितलं, मग नळीकडे, मग माझ्याकडे.

“गाडी उद्या पाठवू,” ती हळूच म्हणाली. “ताई, एक प्लेट देशील?”

प्लेटा माझ्याकडेच असतात. सकाळीच ओतल्या होत्या. मी वरची एक उचलली, झाकण घट्ट आहे का ते बघितलं आणि तिला दिली.